कोकमतेल आणि कोरफडीचे क्रीम तीन आठवड्यांत का बिघडले? सुरक्षित व टिकाऊ प्रसाधने करायला पद्धतशीरपणे कसे शिकावे?

प्रश्न – भिरंड, कुडाळ

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या एका गावात राहते. आमचा बारा जणींचा बचत गट आगळ, आमसुले आणि कोकम सरबत तयार करून विकतो. हंगामानंतर कोकमाच्या बिया मोठ्या प्रमाणावर उरतात. त्यांचे तेल, म्हणजे आमच्याकडचे भिरंडेल, टाचांच्या भेगांना आणि थंडीत फुटलेल्या ओठांना लावण्याची रीत आमच्या घरात पणजीच्या काळापासून आहे. या तेलापासून चेहऱ्याला व हातापायांना लावण्याजोगे क्रीम करावे, असे आम्ही ठरवले.

साधारण कृती अशी होती. चार चमचे कोकमतेल, चार चमचे खोबरेल आणि दोन चमचे मधमाशांचे मेण वितळवले. त्यात घरच्या कोरफडीचा ताजा गर वाटीभर आणि गुलाबजल पाऊण वाटी घालून मिक्सरमधून फिरवले. शेवटी ‘ई’ जीवनसत्त्वाच्या चार कॅप्सूल फोडून घातल्या आणि चहाच्या झाडाच्या तेलाचे काही थेंब टाकले. पहिल्या दिवशी क्रीम इतके सुरेख दिसत होते की नातलगांना आठ डब्या वाटूनही झाल्या. दहाव्या दिवशी तळाशी पाणी सुटले, आणि तिसऱ्या आठवड्यात झाकणाच्या आतल्या बाजूला काळसर हिरवे ठिपके दिसले. मी सर्व डब्या परत मागवल्या. कोणाला त्रास झाला नाही, परंतु एका भाचीने ते क्रीम सहा महिन्यांच्या बाळाला लावले होते हे कळल्यापासून माझे मन स्वस्थ नाही.

पुढच्या खेपेस आम्ही सरबतात घालतो तसे सोडियम बेंझोएटही चिमूटभर घातले, तरीही बुरशी आलीच. सरबत वर्षभर टिकते आणि क्रीम का टिकत नाही, हे मला समजत नाही. ग्राहक ‘केमिकल नको’ असे म्हणतात, म्हणून नैसर्गिक परिरक्षक, म्हणजे जंतूंना रोखून वस्तू टिकवणारा घटक, असल्यास तोही जाणून घ्यायचा आहे. माझे शिक्षण बारावी विज्ञानापर्यंत झाले आहे. हा विषय मुळापासून शिकण्याची तयारी आहे. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १ – पायस, नाशिक

ताई, डब्या परत मागवल्यात हे या धंद्यातील पहिले आणि सर्वांत आवश्यक काम तुम्ही न सांगता केलेत. मी प्रसाधनांच्या संशोधन विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या क्रीममध्ये दोन वेगवेगळे बिघाड आहेत. पाणी सुटणे हा एक आणि बुरशी येणे हा दुसरा. त्यांची कारणे निरनिराळी असल्याने मी पहिल्यापुरतेच लिहितो.

प्रथम चमचे आणि वाट्या बाजूला ठेवा. प्रत्येक घटक वजनाने आणि टक्केवारीने लिहिल्याखेरीज तीच वस्तू दुसऱ्यांदा करता येत नाही, आणि दुसऱ्यांदा करता आली नाही तर बिघाडाचे कारणही सापडत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, तापमापक आणि सामू मोजण्याचे साधे पीएच मीटर, एवढी खरेदी कच्च्या मालाच्याही आधी करावी. मीटर ४ आणि ७ सामूच्या प्रमाणित द्रावणांनी वेळोवेळी जुळवून घेतले नाही तर ते दाखवील त्या आकड्याला अर्थ नसतो.

आता मेणाविषयी. मधमाशांचे मेण तेल आणि पाणी यांना बांधून ठेवते, हा समज घरगुती कृतींमध्ये फार खोलवर रुजलेला आहे. मेण मिश्रण घट्ट करते, त्यामुळे पाण्याचे थेंब काही दिवस अडकून राहतात. ते इमल्सिफायर, म्हणजे तेल व पाणी खरोखर एकत्र धरून ठेवणारा घटक, मात्र नव्हे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखले जाणारे मेण, तेल आणि गुलाबजलाचे मलमही असेच अडकवलेल्या पाण्याचे होते. त्यातले पाणी त्वचेवर सुटून उडून जात असे, म्हणूनच ते थंड वाटे. पुढे त्यात बोरॅक्स घालू लागले, तेव्हा मेणातील मुक्त आम्लांशी त्याची क्रिया होऊन जागच्या जागी साबण तयार झाला आणि मलम टिकू लागले. बोरॅक्स मी आज सुचवणार नाही, कारण त्याहून चांगले पर्याय सहज मिळतात.

पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब वर येण्याचा वेग त्यांच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंबाचा आकार निम्मा केला की वेग चौथ्या हिश्शावर येतो. थेंब बारीक करणे, ते पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती इमल्सिफायरचा थर उभा करणे आणि भोवतालचे पाणी थोडे दाट करणे, या तीन गोष्टींवर क्रीमचे स्थैर्य उभे असते. तुमच्या मिक्सरने थेंब बारीक केले, पण त्यांच्याभोवती थर नव्हता. शिवाय स्वयंपाकघरातील मिक्सर हवा कोंबतो, आणि हवेने तेल लवकर खवट होते. मिक्सरऐवजी हातात धरायचा ब्लेंडर वापरावा आणि त्याचे पाते पृष्ठभागाखाली बुडवून ठेवावे.

शिकण्यासाठी पुढील कृती घ्या. ऊर्ध्वपातित पाणी ७४.३ टक्के, ग्लिसरीन ४, झँथन गम ०.३, डायसोडियम ईडीटीए ०.१, कोकमतेल ५, तीळतेल ८, सिटाइल अल्कोहोल २, इमल्सिफाइंग वॅक्स ५, ‘ई’ जीवनसत्त्व ०.३ आणि फिनॉक्सीइथेनॉल व इथाइलहेक्झिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण १ टक्का. बेरीज शंभर होते, ती स्वतः करून पाहा. इमल्सिफाइंग वॅक्स या नावाखाली बाजारात अनेक मिश्रणे विकली जातात. त्यामुळे त्यात सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि सिटिअरेथ-२० आहे, असे पुरवठादाराच्या कागदावर लिहिलेले पाहूनच ते घ्यावे.

झँथन गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, थेट पाण्यात टाकल्यास त्याच्या गुठळ्या होतात. पाण्याचा भाग आणि तेल-मेणाचा भाग वेगवेगळ्या भांड्यांत ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवा, त्याच तापमानाला वीस मिनिटे ठेवा, आणि पाण्याच्या भांड्याचे वजन तापवण्यापूर्वी व नंतर करून जेवढे पाणी उडाले तेवढे गरम ऊर्ध्वपातित पाणी परत घाला. ही पायरी नवशिके हमखास गाळतात, आणि मग प्रत्येक घाणा वेगळ्या दाटपणाचा होतो. दोन्ही भाग सारखे गरम असतानाच एकत्र करा. थंड पाण्यात गरम मेण ओतले तर मेण आधीच गोठून त्याचे कण राहतात. एकत्र केल्यावर दोन-तीन मिनिटे ब्लेंडर चालवा, पुढे थंड होईपर्यंत चमच्याने सावकाश ढवळा, आणि ४० अंशांच्या खाली आल्यावर परिरक्षक व ‘ई’ जीवनसत्त्व घाला. शेवटी सामू मोजून, लागल्यास लॅक्टिक आम्लाच्या पातळ द्रावणाचे थेंब घालून तो ५.५ च्या आसपास आणा.

कोरफडीचा ताजा गर सध्या पूर्णपणे वगळा. त्यात शर्करा आहेत, क्षार आहेत आणि शेतातले जिवाणूही आहेत. या साध्या क्रीमचे पाच घाणे एकसारखे निघाले की मगच एकेक घटक बदला. एका वेळी दोन बदल केले तर कशाने काय झाले, हे कधीच कळत नाही.

उत्तर २ – सूक्ष्मजीव, पुणे

दुसऱ्या बिघाडाविषयी मी लिहिते. मी एका चाचणी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते, आणि ताईंसारखे नमुने आमच्याकडे दर आठवड्याला येतात.

‘सरबत टिकते, क्रीम टिकत नाही’ या प्रश्नातच सगळे शास्त्र आहे. सोडियम बेंझोएट स्वतः जंतूंना फारसे रोखत नाही. आम्लधर्मी द्रावात त्याचे बेंझोइक आम्ल होते, आणि त्या आम्लाचा जो भाग विघटित न होता राहतो तोच जंतूच्या पेशीत शिरून काम करतो. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२ आहे. याचा अर्थ सामू ४.२ असताना निम्मे आम्ल कामाचे असते, सामू ५ झाला की सुमारे १४ टक्केच उरते, आणि सामू ६ ला दीड टक्का. कोकम मुळातच अतिशय आंबट असल्याने सरबतात घातलेले जवळजवळ सगळे बेंझोएट उपयोगी पडते, शिवाय साखरेचे प्रमाणही तेथे मदतीला असते. क्रीमचा सामू सहाच्या जवळ असेल तर तीच चिमूट व्यवहारात निरुपयोगी ठरते. पोटॅशियम सॉर्बेट या दुसऱ्या परिरक्षकाचेही असेच आहे, फक्त त्याचा पीकेए ४.७६ असल्याने थोडी अधिक मोकळीक मिळते. ज्यांना ही जोडी वापरायची आहे त्यांनी उत्पादनाचा सामू ५ च्या खाली ठेवावा आणि तो महिनोन्महिने तेथेच राहतो, याची खात्री करावी.

‘ई’ जीवनसत्त्व परिरक्षक नाही. ते तेलाचे खवटणे लांबवते, जिवाणूंना किंवा बुरशीला अडवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्वत्र आहे की मला ती पुन्हा पुन्हा लिहावी लागते. कडुनिंब, तुळस, हळद यांचे अर्क प्रयोगशाळेच्या बशीत काही जंतूंची वाढ रोखतात हे खरे आहे, परंतु क्रीममध्ये घालण्याजोग्या प्रमाणात ते पाच निरनिराळ्या जातींच्या जंतूंना महिनोन्महिने रोखतील, असे होत नाही. द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या, बियांचा अर्क नैसर्गिक परिरक्षक म्हणून विकला जातो. त्याच्या अनेक व्यापारी नमुन्यांच्या तपासणीत कृत्रिम परिरक्षक सापडले आणि जंतुनाशक गुण त्यांचाच निघाला. चहाच्या झाडाचे तेल थेंबभर घातले तर अपुरे पडते, आणि जास्त घातले तर त्वचेला त्रास देते. हे तेल जुने होऊन हवेने बदलले की ॲलर्जी होण्याची शक्यता आणखी वाढते.

फिनॉक्सीइथेनॉल हे नाव ऐकून ग्राहक बिचकतात, हे मी समजू शकते. युरोपीय महासंघाच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. वर सुचवलेल्या मिश्रणात साधारण नऊ भाग फिनॉक्सीइथेनॉल आणि एक भाग दुसरा घटक असतो. त्यामुळे मिश्रण १ टक्का घातल्यास आपण मर्यादेच्या आत राहतो. अंदाजाने ‘थोडे जास्त’ घालण्याची सवय येथे धोक्याची आहे, आणि कमी घालण्याची तर त्याहून अधिक. अपुऱ्या परिरक्षकात टिकून राहणारे जंतू हेच आमच्या कामातले सर्वांत त्रासदायक जंतू असतात.

बुरशी दिसली म्हणून तुम्हाला कळले, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट आहे. प्रसाधनांसाठी सर्वसाधारण मर्यादा ग्रॅममागे १००० जंतूंची आहे. डोळ्यांजवळ लावायच्या आणि तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या वस्तूंना आंतरराष्ट्रीय मानकात ती १०० आहे. द्रव डोळ्यांना गढूळ दिसू लागतो, तेव्हा त्यात मिलीलिटरमागे जंतू दशलक्षांच्या घरात गेलेले असतात. याचा अर्थ वास, रंग आणि पोत चांगला असलेली डबीही अत्यंत दूषित असू शकते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू तर ऊर्ध्वपातित पाण्यातही तग धरतो आणि डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा करतो. म्हणून ‘महिनाभर ठेवून पाहिले, काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये.

पुरावा हवा असेल तर परिरक्षक-क्षमता चाचणी करावी लागते, जिला सर्वजण चॅलेंज टेस्ट म्हणतात. आयएसओ ११९३० या मानकानुसार क्रीममध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस हे जंतू मुद्दाम मोठ्या संख्येने सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या मोजतात. सर्वांत कडक निकषाप्रमाणे सातव्या दिवसापर्यंत जिवाणू हजारपटींनी कमी व्हावे लागतात आणि नंतर वाढता कामा नयेत. ही चाचणी घरी करता येत नाही आणि करूही नये. कृती पक्की झाल्यावर एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा.

बाळाविषयी एवढेच सांगते की त्वचेवर लाली, पुरळ किंवा पाणी भरलेले फोड दिसले तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवा. काहीही नसेल तर वापर थांबवणे पुरेसे आहे.

उत्तर ३ – मेणबत्ती, फोंडा

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी गोव्यात साबण आणि बाम तयार करते, त्या अनुभवावरून एक वेगळी वाट सुचवावीशी वाटते. पाणी नसलेल्या वस्तूत जंतू वाढत नाहीत. क्रीम शिकायला वर्ष लागेल, तोपर्यंत तुमच्या भिरंडेलाचा गुण लोकांपर्यंत न्यायचा असेल तर टाचांचा बाम करा. तीळतेल ४५ टक्के, कोकमतेल ४०, मेण १४.५ आणि ‘ई’ जीवनसत्त्व अर्धा टक्का, एवढ्यावर चांगला बाम होतो. येथे ‘ई’ जीवनसत्त्व आपले खरे काम करते.

कोकमतेल ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते, त्यामुळे कोकणातल्या मे महिन्यातही बाम डबीत घट्ट राहतो. शिया बटर वापरणाऱ्यांना हे सुख नाही. मात्र मिश्रण सावकाश थंड होऊ दिले तर निरनिराळे स्निग्धांश वेगवेगळ्या वेळी गोठून त्यात रवा धरतो. ते पूर्ण वितळवून, ओतण्यापूर्वी थोडे ढवळून, डब्या थंड जागी पटकन गोठवल्या की पोत गुळगुळीत येतो. तेल गाळून, ओलावा पूर्ण काढून मगच घ्या. घरी उकळून काढलेल्या तेलात पाणी राहते आणि पाणीविरहित बामचा आधारच नाहीसा होतो. ओल्या बोटांनी किंवा न्हाणीघरात वापरू नये, अशी सूचना डबीवर छापा.

उत्तर ४ – नियमपालन, ठाणे

विक्रीचा विषय निघाला आहे म्हणून कायद्याचे थोडक्यात लिहितो. बामही प्रसाधनच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी उत्पादन करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. अर्ज सीओएस-५ नमुन्यात होतो आणि परवाना सीओएस-८ नमुन्यात मिळतो. उत्पादनाची जागा राहत्या घराशी जोडलेली चालत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातून विक्री करणे नियमात बसत नाही. स्वतःची जागा उभारणे शक्य नसलेल्या गटांसाठी दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात उत्पादन करून घेण्याचा लोन लायसन्सचा मार्ग आहे. त्यासाठी सीओएस-६ नमुन्यात अर्ज करावा लागतो. मी बहुतेक बचत गटांना हाच मार्ग सुचवतो.

कोणता घटक चालत नाही आणि कोणता रंग चालतो, याची यादी भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकाच्या दोन भागांत आहे. त्वचेच्या क्रीमसाठी आयएस ६६०८ हे मानक पाहावे. लेबलवर घटक उतरत्या प्रमाणात लिहायचे असतात आणि एक टक्क्याखालचे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. ‘भेगा बऱ्या करते’, ‘इसब घालवते’ असे दावे लिहिले तर वस्तू प्रसाधन न राहता औषध ठरते, म्हणून ‘त्वचा मऊ ठेवते’ येथेच थांबावे. गोरेपणासाठी म्हणून कोणी बिनलेबलचा तयार बेस स्वस्तात देऊ केला तर तो हातातही धरू नका. अशा मालात पारा आढळल्याची प्रकरणे वारंवार समोर आली आहेत आणि पाऱ्याने मूत्रपिंडे निकामी होतात. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडता इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर – भिरंड, कुडाळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सरबत आणि क्रीम यांतील फरक वाचल्यावर मी सामूच्या पट्ट्यांनी दोन्ही तपासले. सरबताची पट्टी तांबड्या टोकाला गेली आणि उरलेल्या क्रीमची सहाच्या रंगावर थांबली. बाळ ठणठणीत आहे. आम्ही आधी बामपासून सुरुवात करणार आहोत आणि त्याच्या जोडीला पायस सरांची कृती शंभर-शंभर ग्रॅमच्या घाण्यांत, विक्रीसाठी नव्हे, शिकण्यासाठी करणार आहोत. वहीत दिनांक, प्रत्येक घटकाचे वजन, तापमान आणि सामू लिहिण्याचे काम गटातील सर्वांत काटेकोर असलेल्या वहिनींकडे दिले आहे.

एक शंका राहिली. टिकाऊपणा पाहण्यासाठी उष्णतेत ठेवतात, असे ऐकले आहे. थर्मोस्टॅट लावलेल्या पेटीत ५० अंशांवर आठवडाभर ठेवले तर चालेल का?

उत्तर ५ – पायस, नाशिक

ताई, ५० अंश नको. त्या तापमानाला कोकमतेल पूर्ण वितळते आणि इमल्सिफायरचा थरही मोडू शकतो. त्यामुळे घरात दोन वर्षे टिकेल असे क्रीमदेखील तेथे फुटते आणि आपण चांगली कृती टाकून देतो. एक डबी ४० अंशांवर, दुसरी फ्रिजमध्ये आणि तिसरी घरातल्या कपाटात, अशा तीन डब्या तीन महिने ठेवा. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात रंग, वास, सामू आणि पाणी सुटले का, हे लिहा. चौथी डबी एक दिवस फ्रीझरमध्ये आणि एक दिवस बाहेर, अशी पाच वेळा फिरवा.

४० अंशांवरची डबी बाहेर काढल्याबरोबर पातळ दिसेल, घाबरू नका. ती चोवीस तास कपाटात ठेवून, कोकमतेल पुन्हा गोठल्यावरच पाहायची. तेव्हा पोत परत आला, कडेला तेलाची रेघ नसली आणि सामू ०.५ पेक्षा अधिक हलला नसला, तर तो घाणा प्रयोगशाळेकडे पाठवायला हरकत नाही. पाठवताना डबी विकायची असेल तीच, झाकणासकट द्या. काचेत टिकलेला परिरक्षक काही प्लास्टिकमध्ये शोषला जातो, आणि मग चाचणी एका वस्तूची होते व ग्राहकाच्या हाती दुसरीच पडते.